‘खडू’चा ‘कडू’ : चौथीतल्या एका मुलीच्या मूल्यमापनाचं प्रकरण

ऑगस्ट २०२३. मी तालुक्यातल्या शाळांची विशेष शिक्षिका. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या वर्गशिक्षकांनी माझ्यापुढे एका मुलीची वही ठेवली. श्रुतलेखनाचे वीस शब्द, त्यांतले चौदा लाल रेघेखाली. ‘खडू’च्या जागी ‘कडू’, ‘फळा’च्या जागी ‘पळा’, ‘भात’च्या जागी ‘बात’, ‘सकाळ’च्या जागी नुसतं ‘काळ’. बाहेर पाऊस होता आणि शाळेवर पत्रे, त्यामुळे सरांना मोठ्याने बोलावं लागत होतं. ते म्हणाले, “मॅडम, दिव्यांग तपासणी शिबिराचा कागदही आलाय आता. बौद्धिक अक्षमता लिहिलंय. मी तिला काय शिकवू ते तरी सांगा.”

मी वहीचं मागचं पान उलटलं. तिथे फळ्यावरून उतरवलेला एक परिच्छेद होता आणि त्यात एकही चूक नव्हती. घ आणि ध वेगळे, भ आणि म वेगळे, रफार जिथल्या तिथे. पहिली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची असल्याने अनेक मुलं तिथे अडखळतात. तीही बरोबर होती. एकाच वहीतली ही दोन पानं एका मुलीची वाटेनात. पुढे दोन महिने मी जे काही केलं ते या दोन पानांतला फरक समजून घेण्यासाठी.

मुलीची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. तिची आजी तिला ‘छोरी’ म्हणते, इथे मीही तेच म्हणते. वय नऊ. घर तांड्यावर, घरची भाषा गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. आई-वडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, दसरा-दिवाळीनंतर निघायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं. छोरी दरवर्षी त्यांच्याबरोबर जायची.

आधी त्या कागदाबद्दल, कारण तो तयार होण्यात माझाही हात होता. शाळेत मुलांची प्राथमिक चाचपणी ‘प्रशस्त’ या तपासणी सूचीवरून होते. एनसीईआरटीने २०२२ मध्ये ती मोबाइल ॲपच्या रूपात आणली. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने मुलाला प्रत्यक्ष पाहून. त्या महिन्यात माझ्याकडे तालुक्यातल्या बऱ्याच शाळा होत्या. छोरीचा दुसरा भाग मी सरांशी फोनवर बोलून भरला. ‘ऐकण्यात अडचण’ या प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिलं, कारण सर म्हणाले, “ऐकतीय की, हाक मारली की बघतीय.” ती चूक माझी आहे. त्या एका शब्दामुळे शिबिरात तिला कान तपासणाऱ्यांच्या रांगेत न बसवता थेट बुद्धिमापनाच्या रांगेत बसवलं गेलं.

शिबिरात तिला बिने-कामत चाचणी दिली. ही आपल्याकडची जुनी आणि मोलाची चाचणी आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी बेतली, तिचं पुढचं हे रूप. पण तिचा मोठा भाग तोंडी आहे. प्रश्न कानाने ऐकायचा, मराठीत समजून घ्यायचा, मराठीत उत्तर द्यायचं. मंगल कार्यालयाचा हॉल, शेजारच्या टेबलांवर तीच गडबड, रांगेत रडणारी पोरं. छोरीचा बुद्ध्यांक आला ६६, सरासरी असते १००. खाली शेरा : सौम्य बौद्धिक अक्षमता. चाचणी घेणाऱ्याने आकडेमोडीत काहीही चूक केलेली नव्हती. पण त्या ६६ मध्ये तिची बुद्धी किती, तिचं मराठी किती आणि तिचा कान किती, हे आकड्यावरून सांगता येत नाही. आणि आमच्या व्यवस्थेत पुढे आकडाच प्रवास करतो.

म्हणून मी मागे फिरून हजेरीपटापासून सुरुवात केली. छोरी पहिलीत आली २०२०-२१ मध्ये. ते वर्ष करोनात गेलं, शाळा उघडलीच नाही. दुसरीत असताना डिसेंबर २०२१ मध्ये प्राथमिकचे वर्ग सुरू झाले तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रातल्या एका उसाच्या फडावर होती. ती वर्गात पहिल्यांदा बसली एप्रिल २०२२ मध्ये. पुढचे सगळे महिने मी बोटांवर मोजले. चौथीच्या ऑगस्टपर्यंत तिची प्रत्यक्ष हजेरी भरली १६१ दिवस. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचं एक शैक्षणिक वर्ष किमान २०० दिवसांचं असतं. म्हणजे पटावर ती चौथीत होती, पण शाळेत तिचं पहिलं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं. तिच्याकडेही होतं, आजीने पत्र्याच्या पेटीत नीट जपून ठेवलेलं. फडापासून शाळा लांब आणि धाकटा भाऊ कडेवर, तेव्हा ते कार्ड पेटीतच राहिलं.

तांड्यावर गेले त्या दिवशी आजीबरोबर दोन तास बसले. मूल्यमापनातला सर्वांत भरीव भाग मला कायम घरीच मिळतो. वर्गात जे मूल गप्प असतं ते घरी काय करतं, हे विचारल्याशिवाय बौद्धिक अक्षमता हा शब्द लिहूच नये. त्या निदानासाठी नुसता कमी बुद्ध्यांक पुरत नाही, रोजच्या जगण्यातली कौशल्यंही वयाच्या मानाने कमी असावी लागतात. छोरी काय करत होती? कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पहाटे चूल पेटवायची, बाटी थापायची, चार वर्षांच्या भावाला दिवसभर सांभाळायची. उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आई मोळ्या बांधून ठेवायची आणि गावातला कुणी गुरांसाठी विकत घ्यायला आला तर पैसे छोरी घ्यायची. मी तिला विचारलं, एका मोळीचे दहा तर सात मोळ्यांचे किती? तिने बोटं न मोडता सांगितलं, आणि पुढे स्वतःहून सांगितलं की शंभराची नोट दिली तर तीस परत द्यायचे.

निघता निघता मी आजीला विचारलं, “हिचा कान कधी दुखतो का?”

आजी म्हणाली, “कान तर फुटतोच की बाई तिचा. थंडीत लई वाहतो. फडात गार लागतं ना. लसणाचं तेल घालते मी. आता पोरीला दोनदा हाक मारावी लागती, पर ती पहिल्यापासून तशीच हाय.”

चार वर्षं हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. आम्ही कुणी विचारलं नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं, मात्र या शाळेत ते दोन्ही वर्षं हिवाळ्यात आलं. त्या दिवशी छोरी कोपीवर होती.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात एक साधा प्रयोग केला. सारख्याच अवघड शब्दांच्या तीन याद्या केल्या, प्रत्येकी पंधरा शब्दांच्या. पहिली यादी सरांनी नेहमीसारखी फळ्यापाशी उभं राहून सांगितली, छोरी तिच्या नेहमीच्या तिसऱ्या रांगेत, पंखा चालू. बरोबर आले पाच. दुसरी यादी मी तिच्यासमोर हातभर अंतरावर बसून, तिला माझा चेहरा दिसेल अशी सांगितली. बरोबर आले बारा. तिसरी त्याच अंतरावरून, तितक्याच आवाजात, फक्त ओठांसमोर वही धरून. आठ. या तीन आकड्यांत बरंच काही कळलं. ती ऐकत होती, पण अर्धं डोळ्यांनी. सरांनी हाक मारल्यावर ती बघायची कारण शेजारची मुलगी तिच्याकडे बघायची.

चुकांचं रूपही तेच सांगत होतं. क-ख, प-फ, ब-भ या जोड्यांतला फरक फक्त श्वासाच्या झोताचा आहे, आणि ‘स’ हा मुळातच क्षीण आवाज. कान मंद असेल तर सर्वांत आधी हेच निसटतात. मराठीत तर याच्या जोडीला शब्दाचं शेपूटही निसटतं : ‘घरात’, ‘घराला’, ‘घराने’ हे तिन्ही तिला ‘घरा’ असे ऐकू येत असतील, तर वाक्यात कोण कुठे आहे आणि कुणी काय केलं, हे तिला कसं कळावं?

मग प्रश्न उरतो अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी आणि कान ठीक असूनही वाचन-लेखन अडण्याचा. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाच्याही श्रुतलेखनात असा गोंधळ दिसतो, म्हणून ‘कान खराब, विषय संपला’ म्हणणं घाईचं झालं असतं. मी तिच्याशी अगदी जवळून, स्पष्ट आवाजात ध्वनींचे खेळ खेळले. ‘कमळ’मधून पहिलं अक्षर काढलं तर काय उरतं? ‘मळ’. ‘बादली’चे तुकडे कर. बा-द-ली, तीन टाळ्या. अर्थ नसलेले शब्द माझ्यामागून म्हण. म्हटले. मग मी पाटीवर देवनागरीत लिहिलं : ‘याडी’. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं आणि हसली. आई. तिच्या घरातला शब्द पाटीवर लिहिता येतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ‘बाटी’ वाचलं, ‘छोरी’ वाचलं आणि मग स्वतःच खडू घेऊन भावाचं नाव लिहिलं. ज्या मुलीला चौथीत वाचता येत नाही असा शेरा होता, ती आपल्या भाषेतले शब्द वाचत होती.

सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. उजव्या कानाच्या पडद्याला भोक, डाव्या पडद्यामागे पाणी साठलेलं. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या मोजमापात, उजवा कान ४५ डेसिबल, डावा ३५ : याहून हळू आवाज त्या त्या कानाला ऐकूच येत नाही. आतली नस चांगली, आवाज पोहोचण्याची वाट अडलेली. हे आकडे कागदावर मध्यम दिसतात, वर्गात ते फार मोठे आहेत. एक मीटरवरून केलेलं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल उतरतात. खोलीत भिंतींमुळे उतार थोडा कमी, पण तिसऱ्या रांगेपर्यंत तो आवाज पन्नाशीच्या आसपास येतो. म्हणजे उजव्या कानाला तो जेमतेम उंबऱ्यावर पोहोचायचा, आणि त्यावर पंखा, मुलं आणि पत्र्यावरचा पाऊस.

त्याच फेरीत बुद्धिमापन पुन्हा करून घेतलं. या वेळी शांत खोली, समोरासमोर, सूचना करून दाखवलेल्या, आणि आजी शेजारी दुभाषी म्हणून. भारतीय मुलांसाठीची मालिन चाचणी, नागपुरात काम केलेल्या ए. जे. मालिन यांनी बेतलेली, शाब्दिक आणि कृती अशा दोन भागांत असते. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. शाब्दिक भागात छोरी ७०, कृतीच्या भागात ९७. ठोकळे जुळवणं, चित्रातली उणीव ओळखणं, तुकड्यांतून आकृती करणं, यांत ती तिच्या वयाच्या कुठल्याही मुलीसारखी होती. सामाजिक परिपक्वतेची श्रेणी, म्हणजे रोजच्या जगण्यातल्या कौशल्यांचं मोजमाप, आजीच्या मुलाखतीवरून काढली, ती शंभराच्या वर गेली. मानसशास्त्रज्ञांनी लिहून दिलं की बौद्धिक अक्षमता नाही, आणि शाब्दिक भागाचे गुण भाषा व श्रवण यांमुळे ग्राह्य धरू नयेत. हे दुसरं वाक्य लिहायला धैर्य लागतं. बहुतेक अहवालांत दोन्ही भागांची सरासरी काढून विषय मिटवतात.

इथवर सगळं जुळत आलं होतं. इथेच गाडी अडली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ‘ऐकू कमी येणे’ याची व्याख्या आहे : दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास. छोरीच्या ४५ आणि ३५ ला प्रमाणपत्र मिळणं शक्य नव्हतं. आदल्या महिन्यात चुकीच्या निदानावर तिचं नाव लाभाच्या यादीत चढलं होतं, आता बरोबर निदान झाल्यावर ते यादीतून उतरणार होतं. शाळेतल्या एकाने मला सुचवलंही की जुना कागद राहू द्या, निदान भत्ता तरी मिळेल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी नकार दिला, कारण त्या कागदाबरोबर तिच्याकडून असलेली अपेक्षाही खाली जाते आणि ती पुन्हा वर आणणारा कुठलाही भत्ता नाही. प्रमाणपत्र सवलतीसाठी लागतं. वर्गातल्या आधाराला ते लागत नाही. ही गोष्ट मी बैठकांत सांगत आले आहे, आणि तरीही दरवेळी मला विचारलं जातं, “अक्षमतेचे टक्के किती?”

आराखडा आम्ही सरांबरोबर बसून एका पानात लिहिला. छोरी पहिल्या रांगेत, वर्गाच्या उजव्या कडेला, म्हणजे बरा असलेला डावा कान सरांकडे आणि अधू कान खिडकीकडे. सूचना देताना सरांनी तिच्याकडे तोंड करायचं, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. श्रुतलेखनापुरता पंखा बंद. धड्यातले नवे शब्द आधी फळ्यावर, मग तोंडी. तांड्यावरचीच एक मुलगी तिची भाषेची सोबतीण. रोज चाळीस मिनिटं पहिली-दुसरीच्या पातळीचं वाचन, त्यात गोरमाटी शब्दांची कार्डं, जी आजीने सांगितली आणि मुलांनी लिहिली. आणि कान कोरडा ठेवणं : अंघोळीला डॉक्टरांनी दाखवलेला बोळा, तेल पूर्ण बंद. हे शेवटचं आजीला पटवायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण इतकी वर्षं तिने मायेने जे केलं तेच थांबवायला मी सांगत होते.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना आई-वडिलांशी बोलणं झालं. उचल घेतलेली होती, त्यामुळे त्यांचं जाणं ठरलेलंच. छोरीला ठेवून जायचं तर धाकट्याला कोण सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न अगदी खरा होता. शिक्षणाचं महत्त्व सांगून त्यावर उत्तर मिळत नाही. उत्तर निघालं ते असं, की भाऊही आजीकडे राहील, दिवसा अंगणवाडीत जाईल, छोरीचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत घालून जेवणाची सोय होईल. वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी ऑडिओमेट्रीचा कागद हातात घेऊन विचारलं, “हिला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं? मी तर हिला मारलंय, ऐकत नाहीस म्हणून.” आईने पदर डोळ्यांना लावला. छोरी त्या हंगामात गावी राहिली.

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही पुन्हा मोजलं. औषधांनी डावा कान २० डेसिबलवर आला होता. उजव्याचं भोक तसंच, पण कान कोरडा, आणि पडद्याच्या शस्त्रक्रियेसाठी पाठपुरावा सुरू. त्या वर्षात तिने शाळेत जितके दिवस काढले तितके आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून काढले नव्हते. श्रुतलेखनात वीसपैकी चौदा बरोबर. दुसरीचा उतारा ती वाचते, हळू वाचते. जोडाक्षरांवर अजून थांबते : ‘रस्ता’ येतो, ‘कष्ट’ येत नाही. यात अध्ययन अक्षमतेचा अंश आहे का? असू शकेल. मराठीतून तपासण्यासाठी साधनं आहेत, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ चाचणी हिंदी, कानडी, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. पण अपुरं शालेय शिक्षण आणि न ऐकू येणं ही दोन कारणं बाजूला काढल्याशिवाय ते निदान करू नये, आणि ती दोन्ही आत्ता कुठे बाजूला व्हायला लागली आहेत. सलग शिकण्याचं आणखी एक वर्ष तिला मिळू दे. मग वाचन ज्या गतीने वाढायला हवं तसं वाढलं नाही, तर मी स्वतः तिला तपासणीला नेईन. तोवर हा प्रश्न मी माझ्या नोंदवहीत उघडा ठेवला आहे.

जूनमध्ये ती पाचवीत गेली. शाळेच्या ऑनलाइन नोंदीतल्या अक्षमतेच्या रकान्यात मात्र जुनाच शब्द आहे. दुरुस्तीसाठी नव्या अहवालांच्या प्रती जोडून तीनदा अर्ज दिला. शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी पाचवीच्या नव्या वर्गशिक्षिकेचा फोन आला, “मॅडम, माझ्याकडे ती बौद्धिक अक्षमतेची मुलगी आलीय ना, तिच्यासाठी वेगळं काय करायचं?” मी त्यांना म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन पानांची वही पिशवीत घातली आणि शाळेत गेले.